न्यायाच्या दारावरचा जकातनाका



नोकरीवरून काढून टाकलेल्या मनुष्यापाशी न्याय मागण्याचा हक्क शिल्लक असतो; परंतु तो मागण्यासाठी लागणाऱ्या पैशाची आवक नेमकी त्याच दिवशी बंद झालेली असते. कामगार कायद्याच्या बॅरिस्टरांविषयी बोलताना या विसंगतीपासूनच आरंभ करावा लागतो.

इंग्लंडचे उदाहरण बोलके आहे. तेथे १९६४ च्या कायद्याने औद्योगिक न्यायाधिकरणे जन्मास आली. १९७१ च्या कायद्याने अन्याय्य बडतर्फीविरुद्ध दाद मागण्याचा हक्क त्यांच्या कक्षेत आणला. ही न्यायासने सुलभ, अनौपचारिक, जलद व स्वस्त असावीत, असा डोनोव्हन आयोगाचा १९६८ मधील आग्रह होता. परंतु कायदे वाढले, निवाडे साचले आणि या क्षेत्रातील निष्णात बॅरिस्टरांचा स्वतंत्र वर्गच उदयास आला. कंपनीच्या दृष्टीने त्याची फी हा धंद्याचा खर्च. कामगाराला मात्र ती घरखर्चातून काढावी लागते. दावा जिंकला तरी हा खर्च सामान्यतः प्रतिपक्षाकडून मिळत नाही. म्हणजे भरपाईच्या रकमेतूनच तो वजा होणार!

हे पुरेसे नव्हते म्हणून की काय, २९ जुलै २०१३ पासून सरकारने दाव्यावरच शुल्क बसवले. थकलेल्या वेतनासारखा साधा दावा सुनावणीपर्यंत नेण्यास ३९० पौंड. बडतर्फीच्या वा भेदभावाच्या दाव्यास १,२०० पौंड. दाव्यांची संख्या सुमारे दोनतृतीयांशाने घटली. मालक एकाएकी न्यायी झाले, असा याचा अर्थ कोण लावील?

युनिसन या कामगार संघटनेने हे शुल्क आव्हानित केले. उच्च न्यायालयात पराभव झाला, अपील न्यायालयातही झाला. संघटना हटली नाही. सर्वोच्च न्यायालयात डायना रोझ व कॅरन मोनाहन या बॅरिस्टरांनी तिची बाजू मांडली आणि २६ जुलै २०१७ रोजी सात न्यायमूर्तींनी एकमताने ते शुल्क बेकायदा ठरवले. न्यायासनाचा लाभ केवळ दावेदारालाच होतो, ही समजूत न्या. रीड यांनी अमान्य केली. दावा होऊ शकतो या जाणिवेनेच कायदा पाळला जातो, हे त्यामागील तत्त्व. घेतलेले शुल्क परत करणे सरकारला भाग पडले.

भारताने १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात निराळा मार्ग धरला होता. प्रतिपक्षाची संमती व न्यायासनाची अनुज्ञा असल्याखेरीज वकिलाने उभे राहू नये, असे कलम ३६ सांगत होते. हेतू स्तुत्य होता. परंतु कंपनीचा अधिकारी या नात्याने उभा राहणारा मनुष्य वकील असला तरी ही अट त्याला आड येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने पारादीप बंदर प्रकरणात १९७६ मध्ये म्हटले. संघटनेच्या पदाधिकाऱ्यालाही तीच मुभा होती. तथापि पगारी विधिअधिकारी बाळगण्याचे बळ कोणाच्या अंगी असते, हे सांगणे नलगे.

तेव्हा वकिलाला दाराबाहेर ठेवून विषमता संपत नाही. ती मागील दाराने आत येते. बॅरिस्टर हा कामगाराचा जन्मजात वैरीही नव्हे आणि तारणहारही नव्हे. त्याची विद्या ज्याच्या पदरी, त्याचे पारडे जड. एकटा कामगार ती विकत घेऊ शकत नाही. वर्गणीचे चार पैसे एकत्र करणारी संघटना घेऊ शकते. युनिसनचा विजय बॅरिस्टरांच्या वक्तृत्वाइतकाच त्या वर्गणीचाही होता, हे विसरून चालणार नाही.