प्रेस बंद करायचा अधिकार कुणाला?



मी मूळचा पुण्याचा. आयटीआयमधून टूल अँड डाय मेकर झालो आणि गेली काही वर्षं मानेसरमध्ये शिकवतो आहे. मानेसर म्हणजे दिल्ली-जयपूर महामार्गावर, गुरुग्रामच्या पुढे. मारुतीचा कारखाना तिथे आहे, होंडाच्या दुचाकींचा आहे. पण मी तिथे शिकवत नाही. या मोठ्यांना माल देणारे, त्यांना माल देणारे, आणि त्या खालचे, अशा अगदी शेवटच्या शेडपर्यंत मी जातो. तिथे पॉवर प्रेस चालतात.

वर पंच, खाली डाय, मध्ये पत्रा. पायाने पेडल दाबलं की पंच खाली येतो. एका पाळीत हे हजारो वेळा. एकदा हात आत राहिला की बोट गेलं.

'सेफ इन इंडिया' नावाची संस्था याच पट्ट्यातल्या जखमी कामगारांना मदत करते. 2019 पासून ते 'क्रश्ड' नावाने अहवाल काढतात. जरूर वाचा. वाहनांचे सुटे भाग बनवताना बोटं गमावलेले कामगार त्यात भेटतात, आणि त्यातले सर्वाधिक अपघात पॉवर प्रेसवरचेच आहेत.

मग आपण लगेच म्हणतो, पोरांना ट्रेनिंग द्या. देतो ना! प्रेसला सेन्सर कुठे असतो, दोन्ही हातांनी बटणं दाबायची पद्धत का आहे, हे मी दोन दिवसांत शिकवू शकतो. आवाज बदलला की पंच बोथट झाला असं समजायचं, हेही पोरं पटकन पकडतात. बिहार-यूपीकडून आलेली, दहावी-बारावी झालेली हुशार पोरं आहेत ती. एकाने मला विचारलं, "सर, सेन्सर बंद हो तो मैं क्या करूँ?" मी म्हटलं, प्रेस चालवायचा नाही. तो हसला. म्हणाला, "फिर कल से कोई और चलाएगा."

त्या पोराला आणखी काय शिकवणार? त्याला सगळं येत होतं. शिकायचं होतं ते त्याच्या सुपरवायझरने आणि मालकाने.

व्यवस्थापनाचं शिक्षण आपल्याकडे नाही असं नाही. 2007 मध्ये जपानच्या मदतीने उत्पादन क्षेत्रातल्या अधिकाऱ्यांसाठी व्हीएलएफएम हा कार्यक्रम सुरू झाला. आयआयटी कानपूर, आयआयटी मद्रास, आयआयएम कलकत्ता त्यात होत्या. मार्गदर्शक प्राध्यापक शोजी शिबा यांना 2012 मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांचा आग्रह एकच, काचेबाहेरून मासे बघू नका, पाण्यात उतरा. चांगलंच काम झालं. पण माझ्या शेडमधला सुपरवायझर कालपर्यंत ऑपरेटर होता. त्याला एवढंच सांगितलेलं असतं की आज इतके नग निघाले पाहिजेत. सेन्सरमुळे वेग कमी झाला तर तो सेन्सरच काढणार!

अप्रेंटिस कायदा 1961 चा. आजच्या नियमाप्रमाणे 30 किंवा जास्त माणसं असतील तर अडीच ते 15 टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात. त्याहून लहान शेडला सक्ती नाही. म्हणजे जिथे धोका जास्त, तिथे कायदा ऐच्छिक.

मालकांची बाजूही ऐका. एक जण म्हणाले, "शिकवला की पोरगा शेजारच्याकडे जातो, आणि मला भाव वरची कंपनी ठरवून देते." खोटं नाही ते. सेन्सरचा खर्च त्यांनी कुठून काढायचा? म्हणून मी आता ट्रेनिंगची अट बदलली आहे. पहिल्या दिवशी पोरं नाहीत. मालक आणि सुपरवायझर यांनी तासभर स्वतः प्रेस चालवायचा, मी बाजूला उभा. तासाभरात ते स्वतःच विचारतात, हा सेन्सर का बंद आहे? मग कागदावर लिहून घेतो, प्रेस थांबवायचा अधिकार ऑपरेटरचा, आणि त्यासाठी त्याची हजेरी कापायची नाही. काही मालक सही करतात. काही चहा पाजून निरोप देतात.

आपल्याकडे हे नवीन नाही. टेल्कोचा पुण्याचा कारखाना उभारताना सुमंत मुळगावकरांनी प्रशिक्षण केंद्राकडे सुरुवातीपासून लक्ष दिलं होतं. आधी माणूस घडवायचा, मग मशीन. पण टेल्कोकडे पैसा होता, धीरही होता. पंधरा माणसांच्या शेडकडे दोन्ही नाही. ते वरच्या कंपनीने द्यायला हवं. ती दर महिन्याला मालाचं ऑडिट करते, रिजेक्शन मोजते, एक मायक्रॉन सोडत नाही. त्याच फॉर्मवर आणखी एक रकाना वाढवा: या पाळीत प्रेस कुणी थांबवला, आणि त्याचं पुढे काय झालं?

तुमच्यापैकी चाकण, तळेगाव, रांजणगावला खरेदी विभागात कुणी असेल, तर तो रकाना उद्याही सुरू करता येईल. फॉर्मचा नमुना माझ्याकडे आहे, मागून घ्या.