वाजविणाऱ्याचे नाव



कामगार संघटनेच्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत उभे राहून बँडमास्तरावर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. पण वाजविणे हीही मजुरीच आहे. गिरणीतल्या मजुराने विणलेले कापड घडी करून ठेवता येते. वाजविणाऱ्याचे काम वाऱ्यावर जाते आणि त्याबरोबर बहुधा त्याचे नावही जाते. आज ज्यांची हकीकत सांगणार आहे, त्यांचे नाव थोडेफार उरले. त्यांच्या बहुतेक सोबत्यांचे उरले नाही.

गोव्यातील हळदोणे गावी १९१६ साली आंतोनियो शावियेर वाझ यांचा जन्म झाला. मुलाने मेकॅनिक व्हावे, अब्रूने चार पैसे मिळवावेत, अशी आईची इच्छा. मुलाचे मन मात्र ट्रंपेटवर. पोर्तुगीज अमलात गोव्यातल्या गावोगाव चर्चच्या शाळेत मुलांना सूर लिहायला आणि वाचायला शिकवीत. गावात पोटापुरते काम नाही, म्हणून ही विद्या घेऊन तरुण मुंबईस येत आणि धोबीतलावाच्या बाजूला आपापल्या गावच्या 'कुडी'त पथारी टाकीत. आपला कोकणी चाकरमानी गिरणगावात गावकीच्या खोलीत राही, तसेच हे.

मुंबईत तेव्हा जाझचे वारे वाहू लागले होते. १९३५ साली लिऑन ॲबी या कृष्णवर्णीय अमेरिकन वादकाचा बँड ताजमहाल हॉटेलात आला. मायदेशी ज्यांना गोऱ्यांच्या पंगतीला बसण्याची बंदी, त्यांचे संगीत येथे साहेबलोक कान देऊन ऐकत होते. वाझ यांनी लुई आर्मस्ट्राँगला गुरू मानले, एकलव्याने द्रोणाला मानले तसे. 'चिक चॉकलेट' हे नाव धारण केले. १९४५ च्या सुमारास 'म्युझिक मेकर्स' हा ११ वादकांचा बँड घेऊन ते ताजमध्ये वाजवू लागले. लोक त्यांना हिंदुस्थानचा आर्मस्ट्राँग म्हणत. यात नक्कल होती, असे कोणी म्हणेल. असेल. पण उस्तादाच्या हाताकडे पाहूनच हात बसतो, हे कोणताही कारागीर सांगेल.

पुढे मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदीचा कायदा झाला. दारूबंदीचे भले-बुरे मी आज काढीत नाही. पण हॉटेलांतली रात्रीची गर्दी ओसरली की पहिली कुऱ्हाड वाजविणाऱ्यांवर पडते. हे लोक मग सिनेमाकडे वळले. संगीतदिग्दर्शक चाल बांधी. कोणत्या वाद्याने कोठे काय वाजवावे, हे कागदावर उतरविणे पुष्कळदा या गोमंतकीयांच्या हाती असे. चिक हे पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांचे सहायक झाले, मदनमोहन यांच्याकडेही त्यांनी काम केले, आणि 'नादान'ला स्वतंत्र संगीतही दिले. १९५१ चा 'अलबेला' आठवा. भगवानदादा गिरणी कामगाराचे पुत्र, रामचंद्र मराठी, आणि ट्रंपेट हळदोण्याचे. त्यातल्या एका गाण्यात झालरीच्या बाह्यांचे सदरे घालून चिक आणि त्यांचे वादक पडद्यावर दिसतात. एरवी पडद्यामागे राहणाऱ्यांचे तेवढेच दर्शन! १९६७ च्या मे महिन्यात चिक वारले. पन्नाशी जेमतेम ओलांडली होती.

आता माझ्या मनातला मुद्दा सांगतो. बँडमास्तर हा मोठा अवघड माणूस असतो. हॉटेलशी करार तो करतो, पैसे त्याच्या हाती येतात, तोच वाटतो. म्हणजे तो अर्धा ठेकेदार झाला. पण तो स्वतः वाजवितो, म्हणून अर्धा मजूरही आहे. कोणता अर्धा भारी पडतो, त्यावर सारे अवलंबून.

अमेरिकेत जाझच्याच घराण्यातून पुढे फंक निघाले. त्यात ट्रंपेट, गिटार, सारी वाद्ये जणू ढोल होऊन तालच धरतात. जेम्स ब्राऊन हे त्यातले सर्वांत मोठे बँडमास्तर. कोणी चुकीचा सूर लावला की ते दंड करीत. १९७० साली पैशावरून तंटा झाला आणि बहुतेक वादक बँड सोडून गेले. ब्राऊन यांनी दुसऱ्या गावाहून तरुण वादक आणवून कार्यक्रम पार पाडला. नवी पोरे अलौकिक निघाली, हे खरे. पण संप करून बाहेर पडलेल्यांच्या जागी दुसरे आणणे म्हणजे काय, हे बोईसर-तारापूरच्या कामगाराला मी समजावून सांगावे लागत नाही.

मुंबईच्या वादकांनी निराळा रस्ता धरला. १९५२ साली त्यांनी सिने म्युझिशियन्स असोसिएशन स्थापन केली. व्हायोलिन धरणाऱ्या हातालाही संघटना लागते, हे त्यांनी ओळखले. मजुरीच्या प्रश्नाला त्यामुळे तोंड फुटले. नावाचा प्रश्न मात्र राहिला. जुन्या चित्रपटांच्या पाट्यांत वादकांची नावे शोधा, सापडणार नाहीत.

आपल्याकडे जव्हार-डहाणूच्या पाड्यांवर तारपा वाजतो. वाजविणारा मधोमध उभा राहतो आणि नाचणारे त्याच्याभोवती फेर धरतात. तो वळला की फेर वळतो. तेथे पाहणाऱ्या पोरासोरांनाही तो कोण, हे ठाऊक असते. आमच्या वसाहतीत कंत्राटी कामगार वर्षानुवर्षे राबतो आणि कंपनीच्या हजेरीपटावर त्याचे नाव नसते. असते ते ठेकेदाराचे. पाड्याला जे कळले, ते कारखान्याला कळू नये?

हे दिवस लग्नसराईचे आहेत. उद्या आपल्या दारी बँड येईल. बिदागी बँडमास्तराच्या हाती जाईल, ती योग्यच. पण मागे घामाने निथळत ट्रंपेट फुंकणारा जो मुलगा असेल, त्याला पाणी द्या आणि त्याचे नाव विचारा. संघटनेची सुरुवात बहुधा तेथूनच होते.