सरासरीवर विसंबू नका

कारखान्यातल्या रोबोच्या हाताला दर मिलिसेकंदाला नवी आज्ञा मिळावी लागते. टायमर वेळेवर वाजतो, पण आज्ञा देणारा प्रोग्राम प्रोसेसरवर प्रत्यक्ष चालू लागेपर्यंत आणखी काही मायक्रोसेकंद जातात. हीच शेड्यूलिंग लेटन्सी. ती मोजायची आणि टायमर तेवढा आधी लावायचा, याला कॅलिब्रेशन म्हणतात. आरटीएआय, झेनोमाय या रिअल-टाइम प्रणालींत त्याची सोय आहे. माझं म्हणणं असं, की या कामात सरासरीचा आधार घेणं धोक्याचं आहे. समजा, एक लाख वेळांपैकी एकदाच ५०० मायक्रोसेकंद उशीर झाला आणि बाकी प्रत्येक वेळी ५. सरासरी येते ५.००५, म्हणजे तो उशीर आकड्यात दिसतसुद्धा नाही. हाताला झटका मात्र त्याच एका वेळी बसतो. लिनक्सवर ‘सायक्लिकटेस्ट’ हा लेटन्सी मोजणारा प्रोग्राम चालवला की किमान, सरासरी आणि कमाल असे तिन्ही आकडे समोर येतात. टायमरमधून वजा करायचा तो किमानाजवळचा, कारण तेवढा उशीर दर वेळी होतोच. त्याहून जास्त वजा केला तर प्रोग्राम वेळेआधीच जागा होईल. हमी द्यायची ती मात्र कमाल आकडा पाहून. या दोहोंमधला चढउतार कुठल्याही एका आकड्याने वजा होत नाही.

यावर कुणी म्हणेल, प्रोसेसर वेगवान घेतला की प्रश्न मिटला. तसं होत नाही. वीज वाचवण्यासाठी प्रोसेसर गाढ झोपी जातो आणि त्याला जागं व्हायलाच वेळ लागतो. शिवाय एक्स८६ संगणकांत फर्मवेअर मधूनच प्रोसेसरचा ताबा घेतं आणि ऑपरेटिंग सिस्टिमला त्याची खबरही नसते. दुसरा आक्षेप असा, की दहा मिनिटांच्या चाचणीत सगळं ठीक होतं. दहा मिनिटांत मिलिसेकंदाच्या हिशेबाने सहा लाख फेऱ्या होतात, दिवसभरात ८ कोटी ६४ लाख. चार तासांतून एकदा येणारा उशीर त्या दहा मिनिटांत बहुधा सापडणारच नाही. तिसरा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे: मोजलेला कमाल म्हणजे फक्त आजवर दिसलेला कमाल, पुरावा नव्हे. म्हणूनच वर मोकळीक ठेवावी लागते आणि कर्नल किंवा फर्मवेअर बदललं की मोजणी पुन्हा करावी लागते. २०२४ मध्ये लिनक्सला रिअल-टाइम बनवणारं प्रीएम्प्ट-आरटी मूळ लिनक्सच्या ६.१२ आवृत्तीत आलं, ही मोठीच गोष्ट आहे. पण तुमच्या यंत्राचा आकडा त्या यंत्रावरच मोजावा लागतो. तेव्हा यंत्र घेताना पुरवठादाराकडे सरासरी मागू नका. डिस्क, नेटवर्क, पडदा सगळं चालू ठेवून रात्रभर घेतलेल्या चाचणीतला कमाल आकडा मागा.