पोस्टकार्डाएवढी जागा

(शताब्दी वर्षानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ग्रंथालयाच्या शताब्दीच्या निमित्ताने ग्रंथांविषयी बोलावे, असा संकेत आहे. आजचा विषय त्या संकेतापासून किंचित दूर जाणारा आहे. येथे येणाऱ्या वाचकाचे डोळे आणि त्याची बुद्धी शंभर वर्षे पोसली गेली. त्याच्या हाताचे मात्र काय झाले, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. तो आज विचारावयाचा आहे.

पाच वर्षांच्या मुलापुढे कागद आणि खडू ठेवले, तर ते क्षणाचाही विचार न करता घर, सूर्य, मांजर, आजी असे सारे काही काढून मोकळे होते. तोच कागद चाळिशीतल्या गृहस्थापुढे ठेवावा. तो हसतो, कागद दूर सारतो आणि म्हणतो, “छे, आपल्याला हे येत नाही.” मधल्या काळात कोठेतरी काही हरवलेले असते. कोणी घोड्याला गाढव म्हणून हसलेले असते, कोणी चित्रकलेच्या वहीवर लाल शाईने शेरा मारलेला असतो, कोणी शेजारच्या मुलाचे चित्र भिंतीवर लावून याचे परत केलेले असते. हात तोच राहतो. त्याच्यावरचा विश्वास तेवढा जातो.

ही हानी क्षुल्लक मानण्याची प्रथा आहे. चित्र काढता आले नाही म्हणून कोणाचे अडते, असे म्हटले जाते. परंतु “येत नाही” हा शब्द एकदा जिभेवर बसला की तो चित्रापुरता राहत नाही. पत्र लिहिताना, चारचौघांत बोलताना, नवे काही शिकताना तो पुढे येऊन उभा राहतो. वडोद्यासारख्या गावात तर त्याला आणखी एक वळण मिळते. मराठी घरातील मूल गुजराती किंवा इंग्रजी माध्यमात शिकते. आजीशी बोलताना त्याचे एखादे वाक्य वाकडे पडते, कोणी हसते, आणि पुढे ते आजीशीही मराठी बोलावयाचे टाळते. रेघ वाकडी पडेल म्हणून कागद सारणारा गृहस्थ आणि वाक्य वाकडे पडेल म्हणून गप्प बसणारे मूल, दोघांचे दुखणे एकच होय.

या दुखण्यावर जो उपाय आज मांडावयाचा आहे, तो अगदी साधा आहे. रोज, ठरावीक वेळी, पोस्टकार्डाएवढ्या जागेत काहीतरी काढावे. हा उपाय नवा नाही आणि परकाही नाही. या शहराच्या इतिहासातच त्याचे साक्षीदार आहेत.

पहिला साक्षीदार प्रत्येक घराच्या उंबरठ्यापाशी आहे. सडासंमार्जन झाल्यावर चिमटीतून रांगोळी सोडणाऱ्या गृहिणीला कोणी कलावंत म्हटले नाही, आणि तिनेही स्वतःला तसे मानले नाही. तरी ठिपके मोजताना तिची बोटे थरथरत नसत. याचे कारण शोधू गेल्यास दोन गोष्टी हाती लागतात. एक म्हणजे ती रोज काढीत असे. दुसरी म्हणजे संध्याकाळपर्यंत रांगोळी पुसली जाणार, हे तिला ठाऊक असे. चुकली तर उद्या पुन्हा अंगण मोकळेच आहे. जेथे चूक कायमची राहत नाही, तेथे हात भीत नाही. वडोद्याच्या ललित कला विद्याशाखेत घडलेले चित्रकार आणि छायाचित्रकार ज्योती भट्ट यांनी गावोगाव हिंडून भिंतींवरील आणि जमिनीवरील अशा आलेखनांची छायाचित्रे वर्षानुवर्षे टिपली. जे रोज काढले आणि रोज पुसले जात होते, ते जपण्याजोगे आहे, हे त्यांच्या या कामातून दिसले. २०१९ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

दुसरे साक्षीदार धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजे दादासाहेब. ते मूळचे त्र्यंबकेश्वरचे, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेनंतर ते वडोद्याच्या कलाभवनात चित्रकला शिकले. १९१२ साली ते लंडनहून चित्रपटाचा कॅमेरा घेऊन परतले, तेव्हा त्यांच्यापाशी विद्या होती, यंत्र होते, पण भांडवल नव्हते. हिंदुस्थानात असे काही होऊ शकेल, यावर पैसेवाल्यांचा विश्वास नव्हता. त्यांनी कुंडीत वाटाणे पेरले, कॅमेरा समोर ठेवला आणि रोपाची वाढ दिवसामागून दिवस थोडी थोडी टिपली. ‘अंकुराची वाढ’ हा तो लहानसा चित्रपट पाहून कर्ज देणारे पुढे आले. सरस्वतीबाईंनी आपले दागिनेही या कामी दिले. ३ मे १९१३ रोजी मुंबईत ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला. एवढ्या मोठ्या कामाचा आरंभ एका कुंडीपाशी, रोजच्या अल्पशा कामातून झाला, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. दुसऱ्यांचा विश्वास त्यांना मागाहून मिळाला. आधी रोज सकाळी त्या कुंडीपाशी जावे लागले.

तिसरे साक्षीदार बंगालचे, पण त्यांची खूण वडोद्यात आहे. सयाजीराव महाराजांनी उभारलेल्या कीर्तिमंदिराच्या भिंतींवर नंदलाल बोस यांनी १९३९ ते १९४६ या काळात गंगावतरण, मीरेचे जीवन, महाभारताचे युद्ध आणि नटीर पूजा अशी चार भित्तिचित्रे रंगविली. ज्यांनी ती पाहिली असतील, त्यांना त्या भिंतींचा विस्तार आठवेल. या विस्ताराचा धनी असलेल्या माणसाला साध्या पोस्टकार्डावर चित्रे काढून ती शिष्यांना व स्नेह्यांना पाठविण्याची सवय होती. एखादी बकरी, ताडाचे झाड, वाटेवरचा माणूस असे जे दिसेल ते शाईच्या चार रेघांत कार्डावर उतरे आणि टपालाच्या पेटीत पडे. १९३८ साली हरिपुरा येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. गांधीजींच्या इच्छेवरून तेथील मंडपांसाठी नंदलालांनी स्वतः ऐंशीहून अधिक चित्रे रंगविली. त्यांत ढोलकरी आहेत, कारागीर आहेत, घरकामात गुंतलेल्या बायका आहेत. इतके काम थोड्या अवधीत झाले, कारण कार्डांवर ती माणसे आणि ती रेघ आधीच हाताला ओळखीची झाली होती. भिंतीपुढे उभे राहताना लागणारे धैर्य कार्डावर साठविले गेले होते, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

चौथे साक्षीदार नारायण श्रीधर बेंद्रे. जन्म १९१० चा, इंदूरचा. तेथील कलाशाळेत देवळालीकर गुरुजींच्या हाताखाली तयार झालेल्या पिढीला चार भिंतींत बसण्यापेक्षा रस्त्यावर, घाटावर, बाजारात बसून चित्र काढण्याची गोडी होती. बेंद्रे १९५० साली वडोद्याला चित्रकला विभागाचे प्रमुख म्हणून आले, १९५९ मध्ये अधिष्ठाता झाले आणि १९६६ मध्ये येथून गेले. रेल्वे स्थानकावर आणि बाजारात बसून माणसांची झटपट रेखाटने करण्याची रीत त्या काळच्या विद्यार्थ्यांत रुजली. गाडी सुटण्याच्या बेतात असलेला प्रवासी चित्रासाठी थांबत नाही. त्यामुळे रेखाटन अपुरे राहते, आणि अपुरे राहिले तरी बिघडत नाही, हा धडा तेथे आपोआप मिळतो.

बेंद्र्यांच्याच उदाहरणाने एका आक्षेपाचे उत्तर मिळते. रोजची सवय म्हणजे घाण्याच्या बैलाची फेरी, तिच्यातून नवे काय निघणार, असे विचारले जाते. आक्षेप अगदीच पोकळ नाही. तीच रेघ त्याच रीतीने हजार वेळा काढणारा हात सफाईदार होतो आणि तेथेच थांबतो. परंतु बेंद्रे आरंभी निसर्गचित्रे रंगवीत, वडोद्याच्या काळात त्यांनी घनवादी आणि अमूर्त रीती हाताळल्या, आणि उतारवयात ठिपक्याठिपक्यांनी रंग मांडणारी पद्धती स्वीकारली. ज्याचा हात रोज चालतो, त्याला एक वाट सोडून दुसरी धरण्याचे भय कमी असते; वाट चुकली तर परत येता येते, हे त्याला अनुभवाने ठाऊक असते. सवयीने वेळ आणि जागा ठरवावी, विषय मात्र मोकळा ठेवावा, एवढाच याचा अर्थ.

दुसरा आक्षेप वयाचा. साठी उलटल्यावर हे काय नवे, असे निवृत्त सभासद म्हणतील. रवींद्रनाथ ठाकूर साठीच्या पुढे गेलेले असताना ‘पूरबी’च्या हस्तलिखितातील खोडाखोडीच्या रेघा एकमेकींना जोडू लागले आणि त्यांतून पक्षी, मुखवटे, विचित्र प्राणी उमटू लागले. ही १९२४ च्या सुमाराची गोष्ट. १९३० साली त्यांच्या चित्रांचे प्रदर्शन पॅरिसला भरले आणि आयुष्याच्या अखेरीपर्यंत त्यांच्या हातून दोन हजारांहून अधिक चित्रे झाली. खोडलेल्या ओळीचेही काही होऊ शकते, हे ज्याने पाहिले त्याला खोडण्याची लाज उरली नाही.

आता या अनुभवाला शास्त्राचा काही आधार आहे काय, हे पाहावे. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ साली असे मांडले की, “हे मला जमेल” ही भावना उपदेशाने किंवा स्तुतीने जेवढी वाढते, त्याहून कितीतरी अधिक स्वतः काही करून तडीस नेल्याच्या अनुभवाने वाढते. मोठे काम क्वचित तडीस जाते, लहान काम रोज जाऊ शकते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील संशोधकांनी ९६ जणांच्या सवयींचा अभ्यास करून २०१० साली निष्कर्ष छापला. नवी सवय अंगवळणी पडावयास कोणाला १८ दिवस लागले, तर कोणाला २५४ दिवस लागतील असा अंदाज निघाला. मध्यांक ६६ दिवसांचा होता. एखादा दिवस चुकला तरी सवय मोडत नाही, हेही त्यांत दिसून आले. एकवीस दिवसांत माणूस पालटतो, असे छातीठोक सांगणाऱ्यांवर म्हणूनच विसंबू नये, आणि चाळिसाव्या दिवशी कंटाळा आला तर स्वतःला दोष देऊ नये.

प्रत्यक्ष कृतीविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. जाड कागदाचे पोस्टकार्डाएवढे तुकडे कापून ठेवावेत. उंची वही आणू नये; कोऱ्या उंची वहीचे पहिले पान भल्याभल्यांना भिववते. सकाळच्या चहानंतर किंवा दिवेलागणीला, जी वेळ रोज येतेच तिला हे काम जोडावे. दहा मिनिटे पुरेत. समोर असेल ते काढावे. चहाची कपबशी, अडकित्ता, खिडकीतील कुंडी, झोपलेल्या नातवाचा हात, काहीही चालेल. खोडरबर जवळ ठेवू नये. मागे तारीख घालून कार्ड जुन्या डब्यात टाकावे आणि महिनाभर तो डबा उघडू नये, कोणाला दाखवूही नये. महिन्याने सारी कार्डे जमिनीवर ओळीने मांडावीत. तुलना करावयाची तर पहिल्या कार्डाशी एकतिसाव्याची करावी, शेजाऱ्याच्या चित्राशी करू नये. त्या ओळीत दहापंधरा कार्डे अगदी फसलेली असतील. दोनचार अशी निघतील की ती आपल्याच हातची आहेत, यावर काढणाऱ्याचा विश्वास बसणार नाही. फसलेली फाडू नयेत. चांगल्या चार कार्डांची वाट त्यांच्यातूनच गेलेली असते.

ज्यांना रेघेपेक्षा अक्षर प्रिय आहे, त्यांनी त्याच कार्डावर चार ओळी लिहाव्यात. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समासच लेखनक्रियेला दिला आहे आणि अक्षराच्या घोटीव वळणाचा आग्रह धरला आहे. कित्ता गिरविणाऱ्या मराठी हाताला ही शिकवण परकी नाही. घरातील ज्या मुलाला मराठी लिहिण्याची भीती वाटते, त्याला रोज एका वाक्याचे कार्ड आजीला लिहू द्यावे, आणि आजीने त्यातील ऱ्हस्वदीर्घाच्या चुका महिनाभर तरी दाखवू नयेत.

अखेरीस ग्रंथालयाविषयी. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेतून विल्यम बॉर्डन यांना बोलावून राज्यात ग्रंथालयांचे जाळे विणावयास घेतले, तेव्हा प्रत्येक खेड्यात मोठी इमारत उभी राहण्याची वाट पाहिली नाही. पुस्तकांनी भरलेल्या लहान लाकडी पेट्या गावोगाव धाडल्या. पेटी लहान होती म्हणून ती गाडीवर चढली आणि खेड्यात पोहोचली. आज या ग्रंथालयाच्या देवघेवीच्या टेबलावर कोऱ्या कार्डांची एक पेटी ठेवता येईल. पुस्तक नेणाऱ्याने एक कार्ड न्यावे आणि पुस्तक परत करताना भरलेले कार्ड, नाव न घालता, पेटीत टाकावे. वर्षाअखेरीस ती सारी, निवड न करता, वाचनालयाच्या भिंतीवर लावावीत. त्यासाठी अनुदान लागणार नाही, परीक्षक लागणार नाही. कागद कापण्याचा खर्च कार्यकारी मंडळाला जड जाऊ नये.

शंभर वर्षांची नोंदपुस्तके येथील कपाटांत आहेत. त्यांत एकेका दिवसाची ओळ आहे: किती पुस्तके गेली, किती आली. ओळ लिहिणाऱ्या ग्रंथपालांनी शताब्दीचा विचार केला नसेल. त्यांनी त्या दिवसाची ओळ लिहिली आणि दिवा मालविला. उद्या सकाळी चहा झाल्यावर सभासदांनी एक कार्ड समोर घ्यावे, एवढीच या व्याख्यानाची विनंती आहे.