“अहो, कॅमेरा आला!”

(वर्धापनदिनी केलेले भाषण)



भरधाव मोटारी पकडणाऱ्या कॅमेऱ्याचा जनक स्वतःच शर्यतवीर होता, हे ऐकून आपल्याला नवल वाटेल. हॉलंडच्या मॉरिस गॅटसोनिडेसने १९५३ साली मोंटे कार्लोची मोटार-शर्यत जिंकली. वळणावर आपला वेग नेमका किती हे कळावे, म्हणजे आणखी जोरात जाता येईल, या हेतूने त्याने वेग मोजण्याचे साधन केले. पुढे तेच पोलिसांच्या हाती गेले!

आपल्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर जुलै २०२४ पासून अशा कॅमेऱ्यांची नजर आहे. पण आपण बायका काय करतो? शेजारी बसून “अहो, कॅमेरा आला, हळू घ्या” म्हणतो आणि खांब मागे पडला की गप्प! मीही हेच करीत आले. वेग दुप्पट झाला की ब्रेक दाबल्यावर गाडी चौपट अंतरावर थांबते. हे खांबापुढेही तितकेच खरे.

यावर तोड म्हणून सरासरी वेग मोजणारे कॅमेरे निघाले. दोन खांबांत १० किलोमीटर अंतर धरा. ताशी १०० च्या वेगाने ६ मिनिटे लागतात. कोणी ५ मिनिटांत पोहोचला, तर त्याचा वेग १२० झाला. खांबापाशी ब्रेक दाबून सुटका नाही.

परवा लोणावळ्याला जाताना मी खांब नसतानाच “हळू घ्या” म्हटले. “इथे कुठे कॅमेरा आहे?” असे उत्तर आले. म्हटले, “मागे मुले झोपली आहेत.” गाडी हळू झाली.