साठविलेले पाणी, बदलते ऋतुमान आणि डासांचे रोग
(वाशिम येथे मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



आपल्या व्यासपीठावरून बहुधा शिक्षण, विवाहातील खर्च आणि विद्यार्थ्यांना साहाय्य या विषयांचा ऊहापोह होत असतो. अशा ठिकाणी डासासारख्या क्षुद्र जीवाविषयी बोलावयास मी उभा राहावे, याचे कोणास नवल वाटेल. परंतु पावसाळा सरता सरता ज्या घरातील मूल तापाने फणफणते, त्या घराला हा विषय क्षुद्र वाटत नाही. शिष्यवृत्ती मिळविणारे मूल आधी जगले-वाचले पाहिजे.

डास आणि हिवताप यांचा संबंध २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबाद येथे प्रथम उमगला. तरीही १९४७ साली आपल्या देशात वर्षाकाठी सुमारे साडेसात कोटी लोक हिवतापाने आजारी पडत आणि आठ लाख दगावत, असा अंदाज होता. १९५३ साली राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. घरोघर भिंतींवर डी.डी.टी.चा फवारा मारला गेला. तो येथील ज्येष्ठांच्या स्मरणात असेल. १९६५ पर्यंत रुग्णसंख्या एका लाखावर उतरली. पुढे मात्र मोहिमेत ढिलाई आली, डासही औषधाला सरावले, आणि १९७६ साली ती संख्या चौसष्ट लाखांवर गेली. चिकुनगुन्याचीही तीच कथा. १९७३ साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे त्याची मोठी साथ आली. त्यानंतर तीन दशके तो रोग जणू लोपलाच होता. परंतु २००५-०६ मध्ये परतून त्याने महाराष्ट्रातील असंख्य लोकांचे सांधे धरले. सारांश, हे रोग गेले असे वाटते तेव्हाच सावध राहावयाचे असते.

आता ऋतुमानाकडे वळू. वैशाखात आपल्याकडे पारा ४३-४४ अंशांवर चढतो आणि अशा रखरखीत उन्हात डासालाही तग धरणे कठीण जाते. मग हवा तापल्याने रोग वाढेल कसा, अशी शंका कोणी घेईल. त्याचे उत्तर उन्हाळ्यात नसून पावसाळ्यात व त्याच्या मागेपुढे आहे. डेंग्यूच्या रुग्णाला चावलेला डास लगेच रोग पसरवीत नाही. विषाणू त्याच्या शरीरात परिपक्व व्हावा लागतो. हवेचे तापमान २५ अंश असेल तर त्यास सरासरी पंधरवडा लागतो. ३० अंश असेल तर आठवडाही पुरतो. डासाचे आयुष्य मुळात दोन-चार आठवड्यांचे. विषाणू पक्व होण्यापूर्वीच मरून जाणारे पुष्कळ डास आता उबदार हवेत रोग देण्यापुरते जगतात.

पावसाच्या लहरीचाही यात वाटा आहे. पुण्याच्या भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेतील संशोधकांचा एक अभ्यास २०२५ साली प्रसिद्ध झाला. पावसाळ्यातील २७ अंशांवरील तापमान आणि आठवड्याला १५० मिलिमीटरपर्यंतचा मध्यम पाऊस यांमुळे पुण्यात डेंग्यूचे मृत्यू वाढतात, तर त्याहून जोराचा पाऊस डासांची अंडी व अळ्या वाहून नेतो, असे त्यात दिसून आले. आता तर फ्रान्स, इटली यांसारख्या देशांतही स्थानिक डासांमार्फत डेंग्यू पसरू लागला आहे.

परंतु सारा दोष आभाळाला देऊन आपण मोकळे होऊ शकत नाही. आपला जिल्हा पठारावर वसलेला आहे. येथे पडलेले पाणी काही पूर्णेवाटे तापीला, तर काही पैनगंगेवाटे गोदावरीला जाऊन मिळते. आपल्यापाशी ठरत नाही. म्हणून पाणी साठविणे हा येथील गृहिणीचा शहाणपणाच होय. पाऊस जितका बेभरवशाचा, तितके घरातील रांजण, पिंपे आणि टाक्या वाढतात. डेंग्यू व चिकुनगुन्या पसरविणारा एडिस डास गटारापेक्षा याच स्वच्छ पाण्यात आपले बिऱ्हाड थाटतो. त्याची अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरड्यातही कित्येक महिने टिकतात. म्हणूनच उन्हाळ्यानंतर माळ्यावर टाकलेला कूलर पुढील वर्षी पाणी भरताच डास देऊ शकतो.

अंड्यापासून डास होण्यास उबदार हवेत साधारण आठ-दहा दिवस लागतात. यातच उपायाचे मर्म आहे. आठवड्यातून एक वार ठरवून सर्व भांडी रिकामी करावी, त्यांच्या कडा घासून कोरड्या कराव्यात आणि मग झाकण लावून पाणी भरावे. निरुपयोगी टायर व करवंट्या यांत पाणी साचू देऊ नये. विहिरीत व मोठ्या हौदात गप्पी मासे सोडावे. हा डास दिवसा चावतो. म्हणून दुपारी निजणाऱ्या बाळालाही मच्छरदाणी हवी. ताप आल्यास तो अंगावर काढू नये. रक्त तपासून घ्यावे. डॉक्टरांच्या सल्ल्याने पॅरासिटामॉल चालते, पण ॲस्पिरिनसारख्या गोळ्या मनाने घेऊ नयेत, कारण डेंग्यूत त्यांनी रक्तस्राव बळावतो. ताप उतरताना पोटात दुखू लागले, वांत्या थांबेनात वा हिरड्यांतून रक्त आले, तर रुग्णाला तत्काळ रुग्णालयात न्यावे.

शेवटी मंडळाला एक विनंती. एडिस डास फार तर काहीशे मीटर उडतो. तेवढ्यात तुमचे अंगण येते आणि शेजाऱ्याचेही. त्याला ज्ञात ठाऊक नाही. मंडळाने केवळ आपल्या सभासदांच्या घरी हे व्रत पाळले तर ते निष्फळ ठरेल. म्हणून प्रत्येक सभासदाने आपल्या आळीतील सर्व घरांना, मग ती कोणत्याही समाजाची असोत, सोबत घ्यावे. गावच्या आशा सेविकेस व ग्रामपंचायतीस हात द्यावा. मृगापूर्वी एक व दिवाळीपर्यंत दर आठवड्यास एक, असा कोरड्या दिवसाचा क्रम ठरवून त्याची नोंद ठेवावी, आणि पुढील मेळाव्यात अहवालासोबत ती वाचली जावी. यासाठी वर्गणी लागत नाही. सातत्य मात्र लागते. आपल्या संघटनेचे खरे बळ त्यातच दिसून येईल.