जुनी स्पोर्ट्स बाइक: फेअरिंगच्या आत पाहा

वापरलेली स्पोर्ट्स बाइक घेताना सर्वांत आधी पाहायची जागा हँडलच्या खाली असते. चेसिसच्या पुढच्या टोकाला, जिथे शॉकअपची जोडी येऊन मिळते, तिथे दोन्ही बाजूंना बोटाच्या पेराएवढा धातूचा एकेक उंचवटा असतो. हँडल पूर्ण डावीकडे किंवा पूर्ण उजवीकडे वळवले की ते त्यालाच जाऊन अडते. हा हँडलचा स्टॉपर. गाडी जोरात पडली की पुढचे चाक झटक्यात एका बाजूला फिरते, चाक आणि शॉकअप मिळून तरफेचे काम करतात आणि सगळा दणका या एवढ्याशा जागेवर येतो. मग तिथे खोक पडते, रंगाचा पोपडा उडतो, कधी उंचवटा वाकतो किंवा तुटतो. गाडीचे बाकी जवळजवळ सगळे बदलता येते. स्टॉपर चेसिसचाच भाग असल्यामुळे सहसा तसाच राहतो.

घेणारा मात्र आधी रंग पाहतो, स्टिकर पाहतो, सायलेन्सरचा आवाज ऐकतो. बैलबाजारात असे करून चालत नाही. तिथे बैलाची शिंगे रंगवलेली असतात, अंगावर झूल असते, गळ्यात घुंगरमाळ असते. पण जाणता शेतकरी झूल बाजूला सारतो, खांद्यावरून हात फिरवतो, खूर उचलून पाहतो, जबडा उघडून दोनदाती आहे, चारदाती आहे की जुळलेला आहे हे मोजतो आणि मग त्याला चालवून पाहतो. स्पोर्ट्स बाइकची झूल म्हणजे तिचे फेअरिंग. साध्या गाडीचे इंजिन आणि चेसिस उघड्यावर असते, पडझड लपत नाही. फेअरिंगवाल्या गाडीत मोडके पॅनेल काढून नवे लावले की बाहेरून काहीच कळत नाही. मूळ कंपनीचे पॅनेल महाग पडतात, म्हणून बाजारात नकली पॅनेलही मिळतात. सहा-सात वर्षांच्या गाडीवर कोरे करकरीत फेअरिंग दिसले तर आनंद मानू नये, कारण विचारावे. थोडे ओरखडे असलेले मूळ पॅनेल त्यापेक्षा विश्वासाचे.

आपल्याकडे जुन्या बाजारात फिरणाऱ्या गाड्या ठरावीक आहेत. यामाहाची आर15 भारतात 2008 मध्ये आली, 2011 मध्ये तिची दुसरी आणि 2018 मध्ये 155 सीसीची तिसरी आवृत्ती आली. केटीएमची आरसी 200 आणि आरसी 390 ही 2014 ची जोडी, पुण्याजवळ चाकणला बजाजच्या कारखान्यात तयार झालेली. बजाजची पल्सर आरएस 200 ही 2015 ची. टीव्हीएसची अपाची आरआर 310 डिसेंबर 2017 मध्ये बाजारात आली. दोन सिलिंडरची कावासाकी निंजा 300 त्यांच्यापेक्षा महागडी. यांपैकी कोणती घ्यावी हा बऱ्याच अंशी खिशाचा आणि उंचीचा प्रश्न आहे. रोज शहरातल्या वाहतुकीत चालवायची असेल तर आर15 चा खर्च झेपतो; आरसी 390 उन्हाळ्यात पायांना चांगलीच तापते आणि तिचे भागही महाग. याहून जास्त वेळ मॉडेलवर घालवू नये. नीट राहिलेली साधी गाडी पडलेल्या भारी गाडीपेक्षा केव्हाही बरी.

एक तारीख मात्र ध्यानात ठेवावी. 1 एप्रिल 2019 पासून 125 सीसीवरच्या प्रत्येक नव्या दुचाकीला एबीएस सक्तीचे झाले. त्याआधीच्या काही गाड्यांना ते होते, काहींना नव्हते. 2018 ची तिसरी आर15 आधी एबीएसशिवाय आली आणि 2019 च्या सुरुवातीला तिला दोन्ही चाकांचे एबीएस मिळाले. आरएस 200 दोन्ही प्रकारांत विकली गेली. म्हणजे एकाच नावाच्या दोन गाड्यांत ब्रेकचा एवढा फरक असू शकतो. नवखा चालवणारा असेल तर एबीएसवालीच घ्यावी. चावी फिरवल्यावर एबीएसचा दिवा लागला पाहिजे आणि गाडी चालू लागल्यावर विझला पाहिजे. तो मुळात लागतच नसेल तर कुणीतरी त्याला हात लावला आहे असे समजावे.

गाडी पाहायला दिवसा उजेडी जावे. सोबत मोबाइलची बॅटरी आणि छोटा आरसा असला की पुरते. हँडल एका बाजूला पूर्ण वळवून उजेड आत टाकावा, स्टॉपर पाहावा. मग दुसऱ्या बाजूला वळवून दुसरा पाहावा. थोडी घासल्याची खूण चालते, रोजच्या वापरात ती पडतेच. खोल खोक, वाकलेली कड, नव्याने वेल्डिंग केल्याची रेघ किंवा फक्त तेवढ्याच जागी मारलेला ताजा रंग दिसला तर तिथून उठावे. किंमत कमी करून घेण्याचा मोह होतो, तोही टाळावा. हँडल डावीकडे वळवल्यावर मूठ आणि टाकी यांत जेवढी जागा राहते, साधारण तेवढीच उजवीकडे वळवल्यावरही राहिली पाहिजे. फरक दिसला तर हँडल, स्टॉपर किंवा शॉकअप, काहीतरी वाकलेले आहे.

याच जागेसाठी इतका आग्रह का, तर स्पोर्ट्स बाइकच्या पुढच्या शॉकअपचा कल मोजून ठेवलेला असतो, उभ्या रेषेपासून साधारण 23 ते 26 अंश. आरसी 390 ला तो 23.5 अंश आहे. कल कमी म्हणून गाडी वळणात चटकन झुकते. पण त्याचमुळे चेसिसचे तोंड जरा जरी फिरले तर वेगात हँडल थरथरू लागते, गाडी एका बाजूला ओढते. गावातल्या गावात, चाळीसच्या वेगाने हे जाणवणारही नाही. घाटात उतारावर ब्रेक मारताना जाणवेल, आणि ती शिकण्याची जागा नव्हे.

स्टॉपर पाहून झाला की त्याच भागात आणखी तीन गोष्टी उरकतात. पुढचे चाक जमिनीपासून उचलून हँडल सावकाश फिरवावे. अगदी मध्यावर खाचेत बसल्यासारखे अडले तर कोनसेट, म्हणजे हँडलचे बेअरिंग, गेला आहे. शॉकअपच्या चकचकीत नळीवर नख फिरवावे, खड्डे लागता कामा नयेत. सीलपाशी तेलाचे कडे दिसता कामा नये. आणि तिथेच बहुतेक गाड्यांचा चेसिस नंबर ठोकलेला असतो. तो आरसी बुकातल्या नंबरशी अक्षर न् अक्षर जुळवावा. घासल्यासारखा किंवा वेडावाकडा ठोकलेला नंबर असेल तर बोलणे तिथेच थांबवावे. मग मागे चार पावले जाऊन खाली बसावे आणि दोन्ही चाके एका रेषेत दिसतात का पाहावे.

बाकी पडझडीच्या खुणा टोकांना असतात: ब्रेक-क्लचच्या लिव्हरचे टोक, हँडलची बोंडे, फूटपेगची कड, इंजिनच्या बाजूचे झाकण. फेअरिंग बदलणारे बहुधा ही टोके विसरतात.

इंजिन थंड असतानाच सुरू करून पाहावे. विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवले असेल तर हात लावल्यावर कळते. तेव्हा चहा घेऊन यावे, किंवा दुसऱ्या दिवशी यावे. सायलेन्सरमधून निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. पांढरा धूर गाडी तापल्यावरही थांबत नसेल तर कूलंट आत शिरत असण्याची शक्यता. ऑइल भरायचे झाकण उघडून आतली बाजू पाहावी. तिथे दुधाळ साय असेल तर ऑइलमध्ये पाणी मिसळले आहे, आणि हा खर्च मोठा असतो.

बैलाचे वय दातांवरून, तसे गाडीचे पुष्कळसे मागच्या स्प्रॉकेटवरून कळते. दाते टोकदार होऊन एका बाजूला वाकले असतील आणि मीटरवर मात्र आठ हजार किलोमीटर दिसत असतील, तर मीटर खोटे बोलते आहे. स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या बिंदूवर साखळी ओढून पाहावी. अर्धा दाता उघडा पडला तर चेन किट बदलायला आले. दाते नवे असतील तर अर्थात हा पुरावा गेला. मग सर्व्हिसच्या नोंदी मागाव्यात. टायरवर चार आकडे एका चौकटीत असतात: 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक असली तरी जुना टायर कडक होतो आणि पावसात पकड सोडतो. डिस्कवर तिची किमान जाडी कोरलेली असते. त्याखाली गेलेली डिस्क बदलावीच लागते. सायलेन्सर बाजारातला असेल तर मूळ सायलेन्सर सोबत मागून घ्यावा.

हे सगळे नीट निघाले तरी पुन्हा एकदा हँडल वळवून स्टॉपर पाहावा. एवढे बोलूनही पुष्कळ जण पॅनेलवर हात फिरवून बयाणा देतात, म्हणून ही पुनरुक्ती. गाडी बहुधा विशीतल्या मुलाच्या हाती जायची असते आणि पैसे घरच्यांच्या बचतीतले असतात. पाहायला लागतात दोन मिनिटे.

आता कागद. कर्जाचा बोजा आरसीवर असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म 35 हवेत. नाव बदलण्यासाठी फॉर्म 29 आणि 30. दुसऱ्या राज्यातली गाडी असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म 28, आधी हातात घ्यावी. इथला कर वेगळा भरावा लागतो, त्याचा हिशेब किमतीत धरावा. थकलेली चलने ऑनलाइन तपासता येतात. विमाही 14 दिवसांत आपल्या नावावर करायला अर्ज द्यायचा असतो, इतके तरी विसरू नये.

सह्या केलेले कोरे फॉर्म 29-30 महिनोन् महिने कपाटात ठेवण्याची सवय वाईट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 50 नुसार राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने 14 दिवसांत आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत आरटीओला कळवायचे असते. आरसीवर ज्याचे नाव, कायद्याच्या दृष्टीने मालक तोच, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केले आहे. म्हणजे नाव बदलायच्या आधी नव्या मालकाच्या हातून अपघात झाला, तर भरपाईची जबाबदारी जुन्या मालकावर येते.